प्रीमियरचे मुक्त छायाचित्रण (सोलापूर)

चित्रपटाच्या प्रीमियरला, खास खेळाला किंवा प्रसिद्धीच्या दौऱ्यावर आलेल्या कलाकारांचे फोटो स्वतः काढायचे आणि ते कोणालाही, कोणत्याही कामासाठी वापरता येतील अशा लेखी परवान्याखाली खुले करायचे, या प्रथेला मुक्त प्रीमियर छायाचित्रण म्हणता येईल. यात दोन कामे आहेत. कॅमेऱ्याचे काम सोलापुरात वर्षानुवर्षे चालत आले आहे. परवान्याचे काम मात्र फार थोडे लोक करतात. म्हणून कलाकारांचे कितीतरी चांगले फोटो शहरातल्या स्टुडिओंच्या हार्ड डिस्कवर पडून राहतात आणि त्याच कलाकारावर कोणी विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात मराठी नोंद लिहायला बसले, की एका धड फोटोसाठी मारामार होते.

इथे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक आधीच सांगायला हवा, कारण सगळा घोळ त्यातूनच होतो. फोटोग्राफर खेळ संपल्यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चाळीस फोटो टाकतो. ते सगळ्यांना मोफत मिळतात, पण मुक्त होत नाहीत. त्यांचा हक्क त्याच्याकडेच राहतो आणि ते पुस्तकात किंवा ज्ञानकोशात वापरण्याची परवानगी कोणालाच मिळालेली नसते. फोटो मुक्त होतो तो त्याने ‘माझे नाव द्या आणि वापरा’ असे नेमक्या शब्दांत, जाहीरपणे लिहून दिल्यावर.

सोलापूर आणि पडद्यावरची माणसे

जिल्ह्याचे चित्रपटाशी नाते जुने आहे. अभिनेत्री शशिकला यांचा जन्म १९३२ साली सोलापूरचा. दिग्दर्शक जब्बार पटेल पंढरपूरचे, त्यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. अतुल कुलकर्णी यांची रंगभूमीची सुरुवात इथल्या हौशी नाटकांतून झाली. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. ‘सैराट’ करमाळ्याच्या परिसरात चित्रित झाला, पण २९ एप्रिल २०१६ रोजी तो इथल्या पडद्यावर येण्याआधी त्या वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. इथल्या मातीतल्या चित्रपटाच्या पहिल्या जाहीर खेळाचे फोटो सात समुद्रांपलीकडे निघाले, ही गोष्ट इथल्या फोटोग्राफरांनी मनाला लावून घ्यावी अशीच आहे.

खरा प्रीमियर सोलापुरात क्वचितच होतो, तो मुंबई-पुण्याकडे होतो. सोलापूरच्या वाट्याला येते ती कलाकारांची भेट. प्रदर्शनाच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यात कलाकार चित्रपटगृहात येतात, मध्यंतरात पडद्यासमोर उभे राहून दोन शब्द बोलतात आणि पुढच्या गावाला निघतात. नाटकांचे आणि सत्काराचे कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात होतात. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. तिथे तेलुगू नायकांचा चाहतावर्ग वेगळाच आहे. नायक स्वतः येत नाही, मग त्याच्या कटआउटसोबत फोटो निघतात. ते फोटो शहराच्या जीवनाची नोंद म्हणून मोलाचे आहेत, पण परवान्याच्या दृष्टीने अवघड. कटआउट ही दुसऱ्या कोणाची तरी कलाकृती असते आणि तिचा हक्क फोटो काढणाऱ्याकडे येत नाही.

प्रथेचा इतिहास

चित्रपट लोकांना खुला करण्याआधी निमंत्रितांना दाखवण्याची रीत भारतात पहिल्यापासून आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा असा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात झाला, लोकांसाठी तो ३ मे रोजी लागला. हॉलिवूडमध्ये १९२२ साली इजिप्शियन थिएटरच्या उद्घाटनापासून प्रकाशझोत आणि बघ्यांची गर्दी असा प्रीमियरचा थाट रुळला. आपल्याकडे ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर झाला, तेव्हा चित्रपटाची रिळे हत्तीवरून आणली होती. तेव्हाच्या अशा सोहळ्यांचे फोटो वर्तमानपत्रांच्या आणि निर्मात्यांच्या मालकीचे असत. सामान्य वाचकाला ते छापलेल्या पानावर दिसायचे, तेवढेच.

हे बदलले ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांनी, म्हणजे आपली कलाकृती इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणाऱ्या तयार परवान्यांनी. त्यांची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. सप्टेंबर २००४ मध्ये विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त चित्रांचा सामायिक साठा सुरू झाला. मार्च २००७ मध्ये विकिपीडिया आणि कॉमन्स चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने परवान्यांबाबत ठराव केला. हयात व्यक्तीचा मुक्त फोटो कोणालाही काढता येण्याजोगा असतो, म्हणून अशा व्यक्तीच्या नोंदीत हक्कराखीव फोटो चालवून घेऊ नये, असे त्यातून ठरले. एखाद्या नामवंत कलाकाराच्या नोंदीत फोटोची जागा रिकामी दिसते किंवा गर्दीतून कापलेला धूसर चेहरा दिसतो, त्याचे कारण हेच. निर्मात्याने दिलेला झकपक फोटो तिथे चालत नाही, कोणीतरी स्वतः काढून मुक्त केलेलाच लागतो.

हिंदी चित्रपटसृष्टीची ही अडचण एका संकेतस्थळाने बरीच दूर केली. बॉलिवूड हंगामाने आपल्या छायाचित्रकारांनी भारतातल्या सेटवर, पार्ट्यांत आणि कार्यक्रमांत काढलेले फोटो श्रेय देऊन वापरण्याच्या परवान्याखाली खुले केले. पोस्टर आणि चित्रपटातली दृश्ये त्यातून वगळली. आज हिंदी कलाकारांच्या ज्ञानकोशीय नोंदींत दिसणारे पुष्कळ फोटो तिथलेच आहेत. फ्रान्समध्ये जॉर्ज बियार यांनी कान महोत्सवात आणि पॅरिसच्या प्रीमियरना काढलेले फोटो मुक्त केले. अमेरिकेत गेज स्किडमोर यांनी सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यातल्या कलाकारांचे फोटो तसेच खुले केले. २०२४ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवापासून विकिपोर्ट्रेट्स हा स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू झाला. महोत्सवाचा अधिकृत पास मिळवायचा, फोटो काढायचे आणि लगेच मुक्त करायचे, ही त्यांची पद्धत. एकटा माणूस चिकाटीने किती रिकाम्या जागा भरू शकतो, हे बियार आणि स्किडमोर यांच्याकडे पाहून कळते. सोलापुरासारख्या शहराला असा एकच माणूस मिळाला तरी पुष्कळ होईल.

सोलापुरातली एक संध्याकाळ

कलाकार पुण्याहून गाडीने निघतात. टेंभुर्णी, मोहोळ मागे टाकून शहरात शिरेपर्यंत साडेसहाचे साडेसात होतात. बाहेर हलगी चालू असते. गाडीचे दार उघडताच हातातले मोबाइल वर जातात आणि कलाकाराचा चेहरा त्या हातांआड दिसेनासा होतो. मुरलेला फोटोग्राफर दारापाशी धडपडत नाही. तो आधीच लॉबीत, चित्रपटाच्या बॅकड्रॉपच्या (मागे लावलेल्या छापील फलकाच्या) बाजूला जागा धरून उभा असतो.

सत्काराला हार, शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर. ही चादर फोटोत हमखास गोंधळ घालते. ती घडी करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत दिलेली असते, कलाकार ती छातीशी धरतो आणि फ्लॅश थेट प्लॅस्टिकवरून उलटतो. पांढरा डाग नेमका हनुवटीखाली येतो. “मालक, चादर जरा खाली घ्या की,” असे जो वेळेवर म्हणतो, त्याचा फोटो निघतो. लॉबीचे छत पांढरे आणि बेताच्या उंचीचे असेल तर फ्लॅश वर वळवला की काम होते. रंगीत एलईडी दिवे असतील तर कातडीचा रंग जांभळा-हिरवट येतो. तिथे व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातले रंग सुधारण्याचे माप, हाताने लावावे लागते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे कपाळावरचा घाम फ्लॅशने चमकतो. समोरून मारलेला फ्लॅश तेव्हा अगदीच वाईट. शटर सेकंदाच्या १/१६० च्या खाली न नेता आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवला, तर थोडे दाणे येतात पण चेहरा हलत नाही.

आयोजकांना ‘सगळे आले पाहिजेत’ असा ग्रुप फोटो हवा असतो. ज्ञानकोशाला उपयोगी पडतो तो एकट्या चेहऱ्याचा, डोळे उघडे, समोर माईक नाही आणि खांद्यावर कोणाचा हात नाही असा. सत्कार संपून कलाकार मान वर करतो आणि माईक अजून हातात यायचा असतो, ते दोन-तीन सेकंद त्या फोटोचे. बाकीची सगळी संध्याकाळ त्यांची वाट पाहण्यात जाते.

पडदा उजळला की कॅमेरा पिशवीत घालावा. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरटे चित्रण करण्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला आहे. कलाकार पडद्यापुढे उभा असताना मागे चित्रपटाचे दृश्य चालू असेल, तर तो फोटो मुक्त करण्याच्या कामाचा नाही. बॅकड्रॉपवरच्या पोस्टरचेही तसेच. कोपऱ्यात ओझरते आले तर चालते, निम्मी चौकट पोस्टरनेच व्यापली असेल तर कॉमन्सवरून फोटो काढून टाकला जाण्याची शक्यता मोठी.

हक्क कोणाचा

प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्ती त्याची कर्ता ठरते. माझा फोटो म्हणजे माझ्या मालकीचा, ही समजूत कलाकारांमध्येही आहे आणि ती चूक आहे. स्टुडिओने काढलेला फोटो कलाकाराने स्वतःच्या खात्यावरून मुक्त केला तरी तो मुक्त होत नाही.

कलम १७ इथल्या फोटोग्राफरांनी नीट वाचायला हवे. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. चित्रपटगृहाच्या मालकाने किंवा वितरकाने ठरवून बोलावलेल्या फोटोग्राफरला ते फोटो परस्पर मुक्त करता येत नाहीत. उपाय सोपा आहे. कोटेशनमध्येच ‘निवडक फोटो मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे राहील’ अशी एक ओळ घालायची आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्यायच्या. लग्नाच्या ऑर्डरला जेवणाची, राहण्याची अट आपण बिनदिक्कत लिहितो, त्या जोडीला ही एक ओळ जड नाही.

कॉमन्सवर चालणाऱ्या परवान्यांत व्यापारी वापराला बंदी घालता येत नाही आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ‘आमच्या फोटोवर दुसरा पैसे कमावणार का?’ हा आक्षेप इथूनच येतो आणि तो रास्त आहे. या धंद्यावर घर चालते. माझ्या मते त्यावरचा मार्ग निवडीचा आहे. शंभर फोटोंतले अठ्ठ्याण्णव आपल्याकडे ठेवावेत आणि दोन मुक्त करावेत. मुक्त फोटोखाली नाव द्यावेच लागते, ते वगळून वापर केला तर परवान्याचा भंग होतो. आज वेगळे काय होते? ग्रुपवर टाकलेला फोटो आठवड्याभरात कुठल्या तरी चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर झळकतो आणि काढणाऱ्याचे नाव कापलेले असते. मुक्त न करूनही फोटो त्याच्या हातून जातोच, वर श्रेयही जाते.

मुक्त परवान्याने प्रताधिकारापुरतीच मोकळीक मिळते. कलाकाराच्या चेहऱ्यावरचा त्याचा स्वतःचा अधिकार त्याने संपत नाही. अमिताभ बच्चन (२०२२), अनिल कपूर (२०२३) आणि जॅकी श्रॉफ (२०२४) यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेले अंतरिम आदेश याच अधिकाराविषयीचे होते. मुक्त फोटो घेऊन एखाद्या दुकानाने साडीची जाहिरात केली, तर छायाचित्रकार नव्हे, कलाकार हरकत घेऊ शकतो.

मर्यादेचा आणखी एक मुद्दा कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ‘सैराट’ आला तेव्हा रिंकू राजगुरू शाळेत शिकत होती. कार्यक्रमात पडद्यासमोर उभी असलेली मुलगी आणि शाळेच्या किंवा घराच्या दारात उभी असलेली तीच मुलगी यांत फरक आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी कॅमेरा उचलू नये. बालकलाकाराचा कार्यक्रमातला फोटो मुक्त करतानाही आईवडिलांना विचारावे.

फोटोसोबतची माहिती

मुक्त फोटो शोधता आला नाही तर तो असून नसल्यासारखा. फाइलला ‘आयएमजी ४५२३’ असे नाव ठेवू नये, कलाकाराचे नाव, गाव आणि साल घालावे. वर्णन मराठीत लिहावे. माणसांची नावे वर्तमानपत्री रिवाजाने ‘डावीकडून’ लिहावीत, आणि तीही त्याच रात्री. वर्षभराने मागच्या रांगेतला तिसरा माणूस कोण, हे कोणालाच आठवत नाही. मूळ आकाराची फाइल चढवावी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि त्यातली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती गळालेली असते. असा फोटो खरेच तुमचा आहे का, अशी शंका कॉमन्सवर लगेच घेतली जाते. कोपऱ्यात स्टुडिओचे नाव आणि मोबाइल नंबर छापण्याची सवय इथे घट्ट आहे. ती या फोटोंपुरती सोडावी, नाव वर्णनात आणि श्रेयात येतेच.

जुन्या निगेटिव्ह

डिजिटल कॅमेऱ्याच्या आधी शहरातल्या स्टुडिओंनी नाटक-चित्रपटांच्या कार्यक्रमांचे फोटो फिल्मवर काढले. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. ज्यांची जुन्या नियमाने मुदत आधीच संपली होती ते फोटो सार्वजनिक मालकीचे राहिले, उरलेल्यांचा हक्क वारसांकडे आहे. फोटो त्या काळी पैसे देऊन काढून घेतलेले नसतील तर वारस ते मुक्त करू शकतात. त्यासाठी सर्व वारसांची सहमती आणि हक्कधारकाच्या स्वतःच्या ईमेलवरून कॉमन्सला पाठवलेले संमतीपत्र लागते. स्कॅन करण्याआधी पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि तारखा उतरवून घ्याव्यात, कारण पुष्कळदा निगेटिव्ह शाबूत राहते आणि पाकीट फेकले जाते.