क्रोम नसलेलं क्रोम आणि ते उतरवणारं ब्लीच

'नैसर्गिक' ते सौम्य आणि 'केमिकल' ते जहाल, ही समजूत किती पोकळ आहे हे पाहायचं असेल तर प्लास्टिकच्या मॉडेल किटमधला एखादा जुना रंगवलेला भाग घ्या. संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेल्या 'शंभर टक्के नैसर्गिक' क्लीनरमध्ये तो बुडवलात, तर रंग सुटायच्या आधी भागच चिकट होईल आणि त्यावरचे बारीक रिव्हेट पुसट होतील. उलट, तुंबलेलं सिंक मोकळं करणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तसाच भाग रात्रभर ठेवा. जुना इनॅमल रंग सुटून येईल आणि खालचं प्लास्टिक जसंच्या तसं राहील.

कारण सोपं आहे. किटचे भाग बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फक्त फुगवलेलं. कार्बनला कार्बन जोडलेली लांबलचक साखळी आणि तिला लटकलेली बेंझिनची कडी, अशी त्याची रचना. अल्कलीला तोडता येईल असा एकही बंध या साखळीत नाही, म्हणून कॉस्टिक सोडा तिच्या वाटेला जात नाही. सालीच्या तेलातलं लिमोनीन मात्र पॉलिस्टायरीनच्या जातकुळीतलंच हायड्रोकार्बन. ते साखळ्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना सुटं करतं. थर्माकोलचा पुनर्वापर करताना तो विरघळवायला लिमोनीन वापरता येतं ते यामुळेच. तेव्हा रसायन किती जहाल आहे हे विचारून भागत नाही, ते नेमकं कोणावर जहाल आहे हे विचारावं लागतं.

आता क्रोमकडे वळू, कारण सगळ्यात गंमत तिथे आहे. गाड्यांच्या किटमध्ये बंपर, ग्रिल, चाकांच्या रिंगा आरशासारख्या चकचकीत येतात. त्यांना सगळे क्रोमचे भाग म्हणतात, पण त्यात क्रोमियम औषधालाही नसतं. तो असतो ॲल्युमिनियमचा थर, जाडीला साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा दहा हजारावा भाग. एकावर एक रचलेल्या अणूंचे जेमतेम चारशे थर! खऱ्या गाडीच्या प्लास्टिकच्या ग्रिलवर तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमियम असे थर विजेच्या मदतीने चढवतात. ते प्रकरण वेगळं, आणि त्यापुढे घरगुती ब्लीचची डाळ शिजत नाही.

किटच्या भागांवर ॲल्युमिनियम बसवतात ते निर्वात पेटीत. आधी प्लास्टिकवर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा, गुळगुळीत हात देतात, कारण एवढा पातळ थर खालचा प्रत्येक खडबडीतपणा दाखवून देतो. मग भाग पेटीत टांगतात आणि आतली हवा जवळजवळ सगळी उपसून काढतात. टंगस्टनच्या तापलेल्या तारेवर ॲल्युमिनियम आधी वितळतं (660 अंश सेल्सियसला), मग हजार अंशांच्या पुढे गेलं की त्याची वाफ होऊ लागते. ही वाफ भागांवर जाऊन थिजते.

हवा का काढायची? ॲल्युमिनियम जळू नये म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. आपल्या भोवतालच्या हवेत एखादा रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी 70 नॅनोमीटरच जाऊ शकतो. म्हणजे आपण जो थर बसवू पाहतोय त्याच्या जाडीइतकंही अंतर तो सरळ कापत नाही. अशा गर्दीत ॲल्युमिनियमचे अणू वाटेतच धडका खाऊन गार होतील, एकमेकांना चिकटतील आणि आरशाऐवजी काळपट काजळी बसेल. दाब एक कोटी पटींनी कमी केला की हेच अंतर एक कोटी पटींनी वाढतं आणि अर्ध्या मीटरच्या पुढे जातं. आता अणू तारेपासून भागापर्यंत विनाअडथळा, सरळ रेषेत पोचतो. सरळ रेषेत, म्हणून आडोसा असेल तिथे पोचत नाही. बंपर उलटा करून आतल्या कोपऱ्यात पाहा. भाग पेटीत फिरवत ठेवलेले असले तरी खोल खाचांमध्ये चकाकी विरळ होत गेलेली दिसते. शेवटी या थरावर पारदर्शक लॅकरचा आणखी एक हात देतात, नाहीतर बोट लागलं तरी तो खरवडून निघेल.

एवढी कारागिरी आपण उतरवायची कशासाठी? कारण भाग चौकटीपासून, म्हणजे स्प्रूपासून, कापला की कापल्या जागी उघडं प्लास्टिक दिसतं. साच्याची रेघ घासावी तर क्रोमही जातं. आणि किटचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधतो, त्यामुळे मधे लॅकर आणि धातू असले की सांधा धरत नाही.

इथे ब्लीच कामाला येतं. ॲल्युमिनियम हा खरं तर भलताच चळवळ्या धातू आहे. तो शांत दिसतो, कारण हवेशी गाठ पडताच त्याच्यावर दोन-चार नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कवच तयार होतं. साध्या पाण्यात हे कवच टिकतं. पण ॲल्युमिनियम ऑक्साइड उभयधर्मी आहे, ते आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. पीएच साडेआठ-नऊच्या पुढे गेला की कवच ॲल्युमिनेट होऊन पाण्यात उतरतं, उघडा पडलेला धातू पाण्याशी झटापट करतो, नवं कवच बनतं, तेही विरघळतं. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट टिकून राहावं म्हणून ते मुद्दाम अल्कलीधर्मी ठेवलेलं असतं, पीएच 11 च्याही वर. शिवाय हायपोक्लोराइट स्वतः जोरदार ऑक्सिडीकारक. कवच काढणारा आणि धातू खाणारा, दोघे एकाच बाटलीत. चारशे अणूंचा थर त्यांच्यापुढे किती टिकणार?

नुसत्या कॉस्टिक सोड्यानेही क्रोम जातं, आणि तेव्हा हायड्रोजन सुटतो. दोन ॲल्युमिनियम अणूंमागे हायड्रोजनचे तीन रेणू. स्फोटाची भीती वाटत असेल तर हिशेब करू. क्रोम केलेल्या सगळ्या भागांचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटीमीटर धरलं, तर त्यावरचं ॲल्युमिनियम भरतं 2.7 मिलिग्रॅम. त्यातून निघणारा हायड्रोजन साडेतीन-चार मिलिलिटर. लहान चमचाही भरणार नाही.

एका किटचं क्रोम दहा मिनिटांत जातं आणि दुसऱ्याचं रात्रभर हलत नाही, याचं कारण ॲल्युमिनियम नव्हे, वरचं लॅकर. द्रावण आत शिरतं ते कापलेल्या जागांमधून आणि लॅकरच्या सूक्ष्म छिद्रांमधून. नीट पाहिलंत तर चकाकी कडांकडून, नकाशावरच्या बेटांसारखी आक्रसत जाताना दिसते. धातू गेल्यावर उरते ती खालच्या लॅकरची चकचकीत, अनेकदा पिवळसर झाक. पुष्कळजण इथेच थांबतात आणि मग गोंद का धरत नाही म्हणून चिडतात. हे लॅकर काढायला अल्कोहोल किंवा जास्त कडक अल्कली लागते.

रंगाचं गणित प्रत्येक जातीला वेगळं. इनॅमल सुकतो तो हवेतला ऑक्सिजन घेऊन. त्यातल्या तेलाच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं तयार होतं, म्हणून जुना इनॅमल थिनरमध्ये फुगतो पण विरघळत नाही. मात्र या जाळ्यात एस्टर बंध असतात आणि कॉस्टिक सोडा नेमके तेच तोडतो. साबण बनतो तो याच क्रियेने, तेव्हा आपण रंगाचा साबण करत असतो म्हणा ना. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकला याची गरज नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो मऊ होऊन ब्रशने निघतो.

अल्कोहोल पॉलिस्टायरीनला का विरघळवत नाही, याचा आडाखा हिल्डेब्रँड यांच्या विद्राव्यता अंकावरून बांधता येतो. पदार्थाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, त्या ऊर्जा-घनतेचं हे वर्गमूळ. पॉलिस्टायरीनचा अंक साधारण 18.5, टोल्युइनचा 18.2, ॲसिटोनचा 20, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा 23.5, पाण्याचा जवळपास 48. अंक जवळ तर मिसळण सोपी. 1967 साली हॅन्सन यांनी या अंकाची अपस्करण (सगळ्याच रेणूंमध्ये असणारी क्षीण ओढ), ध्रुवीयता आणि हायड्रोजन बंध अशी तीन घटकांत फोड केली, आणि अल्कोहोल अडतं ते मुख्यतः तिसऱ्यावर.

पण विरघळत नाही म्हणजे काहीच होत नाही असं नाही. साच्यात झटपट गार झालेल्या भागात ताण अडकलेला असतो. अल्कोहोल अशा जागी शिरलं की केसाएवढ्या भेगा पडतात. काचेसारख्या पारदर्शक भागांवर त्या लगेच दिसतात, म्हणून ते भाग अल्कोहोलमध्ये घालूच नयेत. बाकीच्यांसाठी आधी स्प्रूचा तुकडा बुडवून पाहावा. पाणी उकळतं नको, कारण पॉलिस्टायरीन 100 अंशांजवळ मऊ पडतं.

ब्लीचमधून काढलेला भाग भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय अल्कोहोलमध्ये टाकू नका, दोघांच्या क्रियेत क्लोरोफॉर्म तयार होऊ शकतं. ब्लीचमध्ये आम्ल पडलं तर क्लोरीन, अमोनिया पडला तर क्लोरामाइन, दोन्ही विषारी वायू. कॉस्टिक सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण तेलाचा साबण करणारी क्रिया कातडीवर आणि डोळ्यांतही होते.

राहता राहिला लॅकर रंग. त्याचं थिनर आणि पॉलिस्टायरीनचं विद्रावक बरेचदा एकच निघतं. रंगवतानाच तो प्लास्टिकमध्ये किंचित रुतून बसलेला असतो, त्यामुळे रंगाला धरेल आणि भागाला सोडेल असं रसायन शोधणं कठीण जातं. अल्कोहोलने सुटला तर ठीक, नाहीतर बारीक पॉलिश पेपर घेऊन ओलं घासत बसावं लागतं.