घाट चढते, सपाटीवर अडखळते

चाळीसगावहून कन्नडचा घाट माझी जुनी पेट्रोल गाडी निमूटपणे चढली. परत उतरून धुळ्याच्या सरळ रस्त्याला लागलो, साठच्या वेगात पाय स्थिर ठेवला आणि तिने पुन्हा आचके द्यायला सुरुवात केली. त्याआधी प्लग, फिल्टर बदलून झाले होते, इंजेक्टर धुण्याचेही पैसे गेले होते. धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, "भाऊ, घाट चढस ना? मंग पंप चांगला शे."

खरंच होतं ते. पंप कमजोर असता तर गाडीने घाटातच मान टाकली असती, कारण इंधनाची भूक तिथे सर्वांत मोठी. दुखणं फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाच्या एका ठरावीक दाबावर होतं.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढतं असं आपल्याला वाटतं. पेट्रोल गाडीत खरं तर आपण हवा वाढवतो. हवेच्या वाटेत एक गोल झडप असते, तोच थ्रॉटल. तो किती उघडलाय हे इंजिनच्या संगणकाला कळवतो थ्रॉटल पोझिशन सेन्सर, मिस्त्रींच्या तोंडी टीपीएस. जुन्या गाड्यांत त्याच्या आत कार्बनची पट्टी असते आणि झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा छोटा पत्रा तिच्यावर घासत राहतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. वर्षानुवर्षं एकाच जागी फिरवलेलं बटण तिथेच खरखर करायचं. यंत्र तेच, रोगही तोच. आपल्याकडे एकाच वेगात मैलोन्‌मैल चालवायची सवय. पट्टी तिथेच झिजते.

मग आचका कसा बसतो? सेन्सरला तीन तारा: एकीवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थिंग, तिसरी निरोपाची. झडप बंद असताना निरोप साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. झिजलेल्या जागी पत्र्याचा संपर्क क्षणभर सुटतो आणि व्होल्टेज कोसळतं. संगणकाला वाटतं, चालकाने पाय काढला. तो पेट्रोल आवरतो. पुढच्याच क्षणी व्होल्टेज उसळतं, म्हणजे पाय जोरात दाबला, म्हणून तो जास्तीचं सोडतो. बिचारा संगणक प्रामाणिक असतो, त्याला बातमी खोटी मिळते.

मिस्त्रीने चावी ऑन ठेवली, इंजिन बंदच. निरोपाच्या तारेला मीटर लावला, तोही काट्याचा. बहुतेक साधे डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतात. तेवढ्यात व्होल्टेजची क्षणभराची डुबकी निसटून जाते. मग त्याने झडप हाताने अगदी सावकाश उघडली. काटा सुरळीत वर चढला, झडप पाव उघडताच एकदम पडला आणि पुन्हा उठला. मागे घेतली, त्याच जागी पुन्हा पडला.

संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला असता तर? कदाचित पी०१२२ सारखा कोड आला असता. पण कोड आला म्हणून सेन्सर बदलणं ही महागडी घाई. पी०१२२ म्हणजे निरोपाचं व्होल्टेज फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त, एवढंच. अर्थिंगची तार तुटली तर धडधाकट सेन्सरही थेट ५ व्होल्ट दाखवतो. खळ्यात धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर आधी उंदरांनी कुरतडलेल्या तारा शोधा. कनेक्टर काढून ५ व्होल्ट येतात का, अर्थिंग आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. काही सेन्सर फक्त तापल्यावर बिघडतात. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात रुसणारी आणि सकाळी गॅरेजमध्ये शहाणी होणारी गाडी त्यातलीच असू शकते. अशा वेळी हेअर ड्रायरने सेन्सर तापवून तीच चाचणी करतात.

अलीकडच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरपासून झडपेपर्यंत केबलच नसते. झडप मोटर फिरवते आणि सेन्सरही सहसा जोडीने असतात. अनेक गाड्यांत एकाचं व्होल्टेज चढतं तेव्हा दुसऱ्याचं उतरतं. हिशेब जुळला नाही की संगणक ताकद आवरतो आणि गाडी कशीबशी घरी नेण्यापुरती चालू ठेवतो. तिथे झडप बोटाने ढकलू नका, आतले दाते मोडू शकतात. बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर सुटा मिळतही नाही, झडपेसकट अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. माझ्या गाडीचा मात्र दोन स्क्रूंवर बसलेला होता. जुना उघडून पाहिला, तर काळ्या पट्टीवर नखाएवढ्या जागेत तेवढा पांढुरका चट्टा पडला होता.