स्क्रीन रीडरच्या आधारे फाइल-रूपांतर

दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी व्यक्तीने एनव्हीडीए, जॉज यांसारख्या स्क्रीन रीडरचा (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीचा) आवाज ऐकत, माउसला हात न लावता, एका प्रकारची दस्तऐवज-फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणे. वर्डची पीडीएफ, पीडीएफचे वर्ड, वर्डचे ईपब (ई-पुस्तकाचा प्रकार) किंवा ब्रेल ही नेहमीची रूपांतरे. मराठी मजकुरात मात्र दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात : फाइलचा साचा आणि आतल्या अक्षरांचे संकेत. साचा बदलणे दोन मिनिटांचे काम आहे. घोळ बहुधा अक्षरांत असतो, म्हणून आधी अक्षरे युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतांत) आणावीत आणि मग साच्याला हात घालावा.

साचा बदलणे

वर्डमध्ये एफ१२ दाबल्यावर ‘सेव्ह अॅज’ची चौकट उघडते आणि स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचतो. टॅबने (किंवा ऑल्ट+टीने) प्रकाराच्या यादीवर जावे, बाणांनी हवा तो प्रकार ऐकावा आणि एंटर दाबावे. साधा मजकूर हा प्रकार निवडला तर आणखी एक चौकट येते. तिथे आधीच निवडलेला ‘विंडोज डिफॉल्ट’ तसाच ठेवला तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. ‘अदर एन्कोडिंग’ घेऊन यादीतून यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडावे. फाइल एक्स्प्लोररमध्ये एफ२ दाबून नावापुढचे शेपूट बदलणे म्हणजे रूपांतर नव्हे. त्याने फक्त फाइल उघडेनाशी होते.

पीडीएफ करताना ‘सेव्ह अॅज’ आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात शीर्षके, याद्या, तक्ते यांच्या खुणा (टॅग) फाइलमध्ये उतरतात; त्यासाठी ‘ऑप्शन्स’मधला रचनेच्या टॅगचा चौकोन निवडलेला असावा लागतो. दुसऱ्यात कागदावरची केवळ मांडणी उरते, खुणा गळतात, मग एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर जाता येत नाही.

जुने फॉन्ट

महाराष्ट्रातल्या कचेऱ्या, छापखाने आणि शाळांमधली कितीतरी कागदपत्रे कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. डोळस माणसाला ‘मराठी’ दिसते, स्क्रीन रीडर मात्र ‘ई जे के बी एच’ म्हणतो. कृतीदेवमध्ये कंसाच्या जागी अपूर्णांकांची चिन्हे असल्याने प्रत्येक कंसापाशी ‘पाव’ आणि ‘अर्धा’ ऐकू येते. हिशेबाचा कागद नसताना असे ऐकू आले, तर फॉन्ट जुना आहे हे ओळखावे.

खात्री करून घ्यायची तर एनव्हीडीएत इन्सर्ट+एफ दाबावे, फॉन्टचे नाव कळते. त्याहून पक्की कसोटी अक्षरावर उभे राहून नमपॅडवरचा २ तीनदा भराभर दाबणे : अक्षराचा क्रमांक वाचला जातो. ‘म’ साठी २३५० आला तर मजकूर युनिकोड आहे. १०१ आला तर तो इंग्रजी ‘ई’ आहे.

रूपांतरक (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन) हे आकडे बदलून देतो, पण क्रमही बदलावा लागतो, आणि कच्चे रूपांतरक तिथेच घसरतात. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून ‘दिवस’चे ‘िदवस’ होते. रफार उलटा : जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. त्यामुळे ‘कर्म’चे ‘कमर्’ होते. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या, अर्धचंद्री ‘ऱ्’चा प्रश्न खास मराठी आहे. हिंदीसाठी बनवलेले रूपांतरक ‘दुसर्या’ देतात. कानाला हा फरक जवळजवळ कळत नाही, म्हणून असे शब्द कंट्रोल+एफने शोधून अक्षर-अक्षर तपासावे लागतात.

मजकुरात मध्येच खरे इंग्रजी असेल तर तेही रूपांतरकात भरडले जाते. कंट्रोल+एचमधल्या फॉन्टच्या पर्यायाने जुन्या फॉन्टचेच तुकडे शोधून बदलावेत. सबंध फाइल एकदम देऊ नये, आणि मूळ प्रत बाजूला ठेवावी.

पीडीएफमधून मजकूर काढणे

वर्ड २०१३ पासून पीडीएफ थेट उघडते. आधी रूपांतराची सूचना येते, एंटर दाबल्यावर मोठ्या फाइलला बराच वेळ शांतता राहते. इन्सर्ट+टी दाबून खिडकीचे नाव ऐकावे. काम चालू आहे की अडकले, ते त्यावरून बरेचसे कळते. इंग्रजीत हे ठीक जमते. देवनागरीत पीडीएफने जोडाक्षरांचे आकार साठवलेले असतात आणि आकाराकडून अक्षराकडे जाणारा तक्ता अपुरा असला तर शब्द तुटतात. अशी फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिची चित्रे करून ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखण्याचे तंत्र) लावणे अनेकदा स्वस्त पडते.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखते. कमांड चालवून काम होत असल्याने त्यात न वाचता येणारी बटणे आडवी येत नाहीत. पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेले असावे. एनव्हीडीएचे इन्सर्ट+आर विंडोजचे ओसीआर वापरते. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी नसेल तर देवनागरी पानातून इंग्रजी अक्षरांचा कचरा निघतो.

ईपब आणि ब्रेल

सुलभ पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या संघटनेचे ‘वर्डटूईपब’ वर्डच्या शीर्षक-शैलींवरून प्रकरणे पाडते. ठळक, मोठा मजकूर शीर्षक ठरत नाही. कंट्रोल+ऑल्ट+१ ने शैली द्यावी लागते. पॅनडॉक हे मोफत साधन हेच काम एका ओळीच्या कमांडने करते. ब्रेलसाठी लिबलुई या मोफत ब्रेल-रूपांतरकाचे मराठी कोष्टक आहे, तेही युनिकोडच मागते. अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करण्यास भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मुभा मिळाली.

रूपांतर बिनचूक होऊनही वाचन बिघडलेले वाटले, तर मजकुराची भाषा पाहावी. वर्डमध्ये तो इंग्रजी म्हणून नोंदला असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाकडे वळतो आणि देवनागरी अडखळत वाचतो. कंट्रोल+एने सगळे निवडून भाषा मराठी केली की आवाज परततो.