पूल खचतो तो पायातून

समुद्रावर ओसरत्या लाटेत घोटाभर पाण्यात उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरसर निघून जाते आणि आपण मागे कलतो. पुरात पुलाच्या खांबाचंही हेच होतं. पाणी खांबावर आपटून खाली वळतं, बुंध्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा धरतं आणि तळ खरवडून नेतं. पूर ओसरताना तोच खड्डा भुसभुशीत गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात तपासणीला गेलेल्या माणसाला सगळं जागच्या जागी दिसतं!

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस वाहून गेल्या. सावित्रीचा उगम महाबळेश्वरचा, तिथला पाऊस घाट उतरून झपाट्याने महाडला येतो. त्या जागी 165 दिवसांत नवा पूल उभा राहिला, त्याचं कौतुकही झालं. पण किती दिवसांत बांधला यापेक्षा किती पाण्यासाठी बांधला, हे मी आधी विचारेन.

अभियंते बहुधा ‘शंभर वर्षांतला पूर’ धरतात. नाव फसवं आहे. असा पूर शतकातून एकदाच येतो असं नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, एवढंच. पूल शंभर वर्षं उभा राहणार असेल, तर तेवढ्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता 63 टक्के! शिवाय हा पूर ठरतो जुन्या नोंदींवरून. वाढत्या पोराला गेल्या वर्षीच्या मापाने सदरा शिवावा, तसं हे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि मुसळधार पाऊस आणखी मुसळधार होतो.

पायाच्या भाषेत याचा अर्थ काय? 1930 च्या सुमारास जेराल्ड लेसी या अभियंत्याने उत्तर भारतातल्या कालव्यांच्या मोजमापांवरून काही सूत्रं बसवली. गाळाचा तळ कुठवर खरवडला जाईल, हे आपल्याकडे आजही त्यांवरूनच काढतात. खोली मोजायची पुराच्या पातळीपासून. खांबाशी ती दुप्पट धरायची. समजा, ती 12 मीटर आली. आता दर मीटर रुंदीतून वाहणारं पाणी 20 टक्क्यांनी वाढलं, तर खोली सुमारे 13 टक्क्यांनी वाढते. म्हणजे तळ आणखी दीड मीटर खाली गेला.

कॅनडातला 12.9 किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल 1997 मध्ये खुला झाला. समुद्र पुढे चढेल हे धरून त्याच्या उंचीत एक मीटर आधीच जास्त ठेवला आहे. उंचीचं एक बरं असतं, वेळ पडली तर काही पूल जॅक लावून उचलताही येतात. नदीच्या तळात उतरवलेली पायाची विहीर, म्हणजे खांबाला तोलणारा विहिरीसारखा पोकळ, जाड भिंतीचा पाया मात्र वर पूल उभा राहिल्यावर खाली ढकलता येत नाही. ते दीड मीटर पहिल्याच उन्हाळ्यात खोदून घ्यावे लागतात.