फ्रान्समध्ये क्रूस घालून रस्त्यावर फिरता येत नाही?

फ्रान्समध्ये धर्म घराच्या चार भिंतींतच ठेवावा लागतो, गळ्यात क्रूस घालून बाहेर पडता येत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. चर्च आणि शासन वेगळे करणाऱ्या १९०५च्या कायद्याचे पहिलेच कलम सद्सद्विवेकाच्या आणि उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी देते. दुसरे कलम बांधते ते शासनाला: कोणत्याही पंथाला मान्यता, पगार, अनुदान नाही. पण त्याच कलमात रुग्णालये, तुरुंग आणि शाळांमधल्या धर्मगुरूंच्या सेवेसाठी सरकारी खर्चाची मुभा आहे. खाटेला खिळलेला माणूस प्रार्थनेला जाणार कुठे? मला ही तरतूद फार माणुसकीची वाटते.

बंधने आहेतच. सरकारी कर्मचाऱ्याने कामावर धर्मचिन्ह घालायचे नाही. २००४च्या कायद्याने सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना ठळक चिन्हे वर्ज्य केली. लहानसा क्रूस चालतो. (याची झळ मुस्लिम मुलींना जास्त बसली, हेही सांगायलाच हवे.)

रस्ता मात्र खुला आहे. गुड फ्रायडेला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर भाविक क्रूस घेऊन उघडपणे चालतात. २०२५च्या ईस्टरला तर देशभरात १०,०००हून अधिक प्रौढांनी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.