झाडाखालच्या सावलीत कोणती ब्राह्मी लावाल?

नर्सरीत जाऊन ‘ब्राह्मी द्या’ म्हटलं की पिशवीत काय पडेल याचा नेम नसतो. एक जण गोल पानांचा, जमिनीलगत धावणारा वेल काढून देतो, तर दुसरा घोळीसारख्या जाडसर, इवल्या पानांचं रोप. फसवत कुणीच नसतो. दोन्ही वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात, दोन्ही बहुवर्षायू आहेत, दोन्ही पसरतात आणि दोन्हींचं नाव बुद्धीशी जोडलेलं आहे. औषधाचं वैद्यांवर सोपवू. पण पोफळीखाली, चिकूखाली किंवा बंगल्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात, जिथे लॉन कधीच टिकत नाही तिथे जमीन झाकायची असेल, तर यातली एकच उपयोगाची आहे.

ती म्हणजे गोल पानांची मंडूकपर्णी. शास्त्रीय नाव सेन्टेला एशियाटिका. महाराष्ट्रात परसातली ब्राह्मी म्हणून बहुतेक घरांत हीच असते. काही भागांत तिला कारिवणा म्हणतात. दुसरी नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोन्निएरी. बंगालात आणि केरळात ब्राह्मी म्हटलं की ही समजतात. आयुर्वेदाच्या सरकारी औषधीकोशानेही ब्राह्मी हे नाव बॅकोपाला दिलंय आणि मंडूकपर्णीची नोंद वेगळी ठेवली आहे. चरकसंहितेत जी चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं सांगितली आहेत, त्यांत मात्र मंडूकपर्णीचा स्वरस आहे. बाकीची तीन ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यामुळे ‘खरी ब्राह्मी कोणती’ हा वाद घालत बसायचा तर दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. बागेपुरता तो सोडून द्यावा आणि सरळ पान हातात घ्यावं.

मंडूकपर्णीचं पान लांब देठावर उभं राहतं. आकार मूत्रपिंडासारखा, कडा बोथट दातेरी, आणि देठ जिथे जुळतो तिथे खोल खाच. चुरगळलं की हलका वास येतो. तो गाजर-कोथिंबिरीच्या कुळाचा वास आहे, कारण ही त्यांच्याच घरातली. फुलं गुलाबीसर आणि इतकी बारीक, की पानं बाजूला सारल्याशिवाय दिसत नाहीत. नीरब्राह्मीला देठ जवळजवळ नसतोच. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची मांसल पानं फांदीला समोरासमोर चिकटलेली, पाच पाकळ्यांची पांढरी किंवा फिकट जांभळी फुलं वर सहज दिसणारी. वास नाही, चव कडूजहर.

इतका फरक असूनही घोटाळा होतो तो निव्वळ नावामुळे. दिसण्यामुळे होणारा खरा घोटाळा वेगळाच आहे. हल्ली शोभेची हायड्रोकोटाइल कुंडीत घालून ब्राह्मी म्हणून सर्रास विकतात. तिचं पान उलटं करून बघा. विक्रीत नेहमी दिसणाऱ्या प्रकारांत देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा, आणि पानाला खाच नसते. काळ्या जमिनीतली उंदीरकानीही पानांवरून चकवते, पण तिला पिवळी फुलं आली की शंका उरत नाही.

आता सावलीचं. नीरब्राह्मी मूळची पाणथळ काठावरची. पाण्याखाली बुडूनही जगते, म्हणून ॲक्वेरियमवाले तिला वापरतात. तिला ऊन हवं. झाडाखाली लावली तर फांद्या लांबतात, पेरांमधलं अंतर वाढतं आणि मधली माती उघडी पडते. मग तिथे लव्हाळा येतो, आणि तो एकदा आला की पुढची दोन वर्षं खुरपं हातातून सुटत नाही. मंडूकपर्णीचं उलट आहे. कडक उन्हात ती पानं लहान करते, लालसर-पिवळी पडते. अर्ध्या सावलीत तीच पानं मोठी होतात, देठ लांबतात आणि एक थर दुसऱ्यावर चढून खालची माती दिसेनाशी होते. तिचे धावते दांडे जिथे पेर टेकेल तिथे मूळ धरतात, त्यामुळे एकेका पेरापासून नवं रोप तयार होत जातं.

लावणी जूनच्या पावसात करावी. दोन-तीन पेरांचे तुकडे घेऊन पेर मातीत दाबायचं, पान वर ठेवायचं, आणि वीतभर अंतर सोडायचं. जांभ्याच्या मातीत शेणखत किंवा कुजलेला पाला मिसळला तर लवकर भरते. नारळा-पोफळीची आळी तिला फार मानवतात, कारण तिथे पाणी नेमाने पडतं. जुन्या आंब्याखाली मात्र जपून. त्याची सावली गडद, वरच्या थरात मुळांचं जाळं आणि माती कोरडी. एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड शिंपलं नाही तर मंडूकपर्णी मरगळते. तिला सावली चालते, कोरडी सावली नाही.

पातेरा ही दुसरी अडचण. फणस-आंब्याची जाड पानं तिच्यावर साचली तर ती खाली गुदमरते, आणि खराट्याने झाडलं तर दांडे मुळासकट उपटून येतात. पाला हातानेच उचलावा. पावसाळ्यात गोगलगायी पानांना भोकं पाडतात; संध्याकाळी वेचून टाकणं हाच त्यावर धड उपाय. वाट असेल तिथे फरशा बसवा. कधीमधी पाय पडलेला ती सोसते, रोजची ये-जा नाही. कडेला वीट उभी रोवली नाही तर शेजारच्या वाफ्यात घुसते, पण छाटलेले दांडे पुढच्या मोकळ्या जागी लावायला कामी येतात, त्यामुळे ही तक्रार मी फार मनावर घेत नाही.

नीरब्राह्मी हवीच असेल तर तिला विहिरीजवळच्या उन्हातल्या डोणीत किंवा भोक नसलेल्या पसरट टबात, चिखल करून लावा. दोन्हींपैकी कोणतीही खाण्यासाठी लावणार असाल तर गटाराचं किंवा मोरीचं पाणी तिच्याकडे वळवू नका. दोन्ही वनस्पती मातीतले आणि पाण्यातले जड धातू शोषून पानांत साठवतात, आणि ते धुऊन जात नाहीत.