फिट, कांदा आणि कॅमेरा

मालिकेत कुणाला फिट आली की पुढचं ठरलेलं असतं. एकजण हातपाय दाबून धरतो, दुसरा दातांत चमचा कोंबतो, तिसरा कांदा नाहीतर चप्पल नाकाशी नेतो. क्षणात रुग्ण डोळे उघडतो आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की कांद्यानंच काम केलं. वास्तविक बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो.

ही समजूत टीव्हीच्या कितीतरी आधीची. टीव्हीनं ती घरोघरी पोचवली, तीही औषधं हाताशी असताना. फेनोबार्बिटल १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, वापरात आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे चारच वर्षांनी, १९७६ च्या दुरुस्तीनं, हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला बसवले गेले आणि त्या कारणावरून लग्न रद्द करून घेता येऊ लागलं. कायद्यातला 'अपस्मार' हा शब्द वगळायला १९९९ उजाडलं. 'मुलीला फेफरं येतं हे लपवून लग्न लावलं' या कथानकाला तेवीस वर्षं कायद्याचंच पाठबळ होतं म्हणा ना!

पडद्यावर झटका येतो तो एकाच प्रकारचा: अंग ताठ, मग थडथड, तोंडाला फेस. हा फेस म्हणजे गिळणं थांबल्यानं साठलेली आणि श्वासानं घुसळलेली लाळ, दुसरं काही नाही. शून्यात नजर, ओठांची चाळवाचाळव, शर्टाच्या गुंडीशी चाळा आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळं संपलं, असाही झटका असतो. तो कॅमेऱ्याच्या कामाचा नाही, म्हणून दाखवला जात नाही. आणि घरात तसं घडलं की 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून मूल ओरडा खातं.

डॉक्टरांच्या मालिकाही सुटलेल्या नाहीत. कॅनडातल्या संशोधकांनी चार लोकप्रिय अमेरिकी वैद्यकीय मालिकांचे ३२७ भाग तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत ५९ झटके होते. प्रथमोपचार २५ वेळा चुकीचे होते, बरोबर फक्त १७ वेळा.

बरोबर प्रसंग लिहायला अवघड नाही. घड्याळ पाहायचं, आजूबाजूचं टोकदार सामान हटवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नको. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर थेट दवाखाना. झटक्यानंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला, पेंगुळलेला राहतो. उठून लगेच संवाद म्हणत नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपंगत्वाच्या चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत आजाराची वैद्यकीय माहिती शक्य तितकी पडताळून घ्या, असंही एक कलम आहे. मालिकेत मात्र फिट येते ती वाईट बातमी ऐकून. प्रत्यक्षात ती पुष्कळदा येते चुकलेल्या गोळीमुळे नाहीतर जागरणामुळे, आणि रात्रीची गोळी घेणारं पात्र मालिकेत क्वचितच दिसतं.